दोन्या कुका आणि दोरीवरचा अंतोनियो

आमच्या वरच्या मजल्यावर, बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीला, एक संत उलटा टांगलेला असे. घोट्यांना सुतळी, डोकं खाली. एका बाजूला पायमोजे, दुसऱ्या बाजूला भांडी पुसायचं फडकं आणि मधोमध वीतभर उंचीचा लाकडी संत अंतोनियो. पाऊस आला की पायमोजे आणि फडकं आत जायचं. संत बाहेरच.

इंगोलश्टाटच्या त्या घरात राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफीचा कप घेऊन बाल्कनीत उभा होतो. वरून कोणीतरी एका सुरात काहीतरी बडबडत होतं. मान वर करून पाहिलं, तर साठी ओलांडलेली, ठेंगणी, जाड वेणीची एक बाई कठड्याशी उभी होती आणि शेजारी तो लटकलेला संत. माझं तोंड उघडं राहिलेलं पाहून तिनं इंग्रजीत खुलासा केला, "त्याची शिक्षा चालू आहे. तू लक्ष देऊ नकोस, मीहो."

मीहो म्हणजे बाळा. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. ब्रेक या विषयात डॉक्टरेट केली होती आणि गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत माझ्या हाताखाली सात जर्मन माणसं होती. पण त्या बाईच्या, म्हणजे दोन्या कुकाच्या लेखी मी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत मीहोच राहिलो.

आत येऊन मी मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला म्हटलं, "वर एक वेडी राहते. देवाला उलटं टांगलंय."

"त्यात काय एवढं?" मेधा खोकी उघडता उघडता म्हणाली. "तुझ्या बारावीच्या वेळी आईंनी देव पाण्यात घातले होते ना? तिनं वाळत घातलाय."

मी दुसरं खोकं उघडायला घेतलं.

संताचा गुन्हा काय, ते मी आठवड्याभरानं जिन्यात विचारलं. "त्यानं माझी एक वस्तू हरवली," दोन्या कुका म्हणाली. "म्युनिकच्या विमानतळावर. हरवलेलं शोधून देणं हे त्याचं खातं. आणून देईपर्यंत राहील लटकत." मी तोवर बराच जर्मन झालो होतो. मी विचारलं, "फुंडब्युरोत फॉर्म भरलात का? हरवलेल्या वस्तू तिथे जमा करतात."

"त्या फॉर्मवर रंग आणि आकार विचारतात," ती म्हणाली. "तेच तर मला ठाऊक नाही." आणि पिशवी उचलून जिना चढून गेली.

दोन्या कुका टेक्सासमधल्या लारेडोची. दोन्या म्हणजे बाई, काकू, मावशी यांतलं जे जास्त मानाचं असेल ते. नदीच्या अलीकडे अमेरिका, पलीकडे मेक्सिको आणि मधे लारेडो, असं ती हातानं हवेत काढून दाखवी. कोणी तिला मेक्सिकन म्हटलं तर ती चिडे, अमेरिकन म्हटलं तर जास्त चिडे. "मी चिकाना," ती छातीवर बोट ठेवून सांगे. "आमचं घर जागच्या जागीच होतं. झेंडे येत-जात राहिले." जर्मनांना ती तुर्की वाटायची. मला विचाराल तर ती कऱ्हाडकडची कुणाचीतरी मावशी दिसायची. नवरा बेतो अमेरिकी लष्करात मेकॅनिक होता. त्याच्याबरोबर ती बव्हेरियात आली. छावणी बंद झाल्यावर बेतोला इथल्या गॅरेजात काम मिळालं म्हणून राहिली. आम्ही यायच्या आदल्या वर्षी बेतो गेला, आणि ती तरीही राहिली. का राहिली, हे कोणाला माहीत नव्हतं. मुलगा लारेडोत. फोनवर रोज बोलावायचा.

तिच्या तोंडी एक पालुपद होतं. "पुएस, गेनाऊ." पहिला शब्द स्पॅनिश, दुसरा जर्मन, आणि दोन्हींचा मिळून अर्थ "मी म्हणते तेच खरं."

तिचा धंदा म्हणावं तर धंदा नव्हता, कारण ती कुणाकडून काही घ्यायची नाही. तिच्या आजीला हाताचा गुण होता, आजीनं तो हिला दिला, आणि देवानं फुकट दिलेलं आपण विकायचं नसतं, असं तिचं शास्त्र. पोट धरलं, कान ठणकला, पोरानं दूध सोडलं, की लोक तिच्याकडे जात. स्वयंपाकघरात एका फळीवर तिचे देव: निळ्या झग्यातली मारिया, हातात परडी घेतलेला बाळ येशू, बेतोचा लष्करी गणवेशातला फोटो, एक मेणबत्ती आणि व्हिक्सची बाटली. व्हिक्सला देव्हाऱ्यात जागा मिळालेली मी तेवढी एकदाच पाहिली.

पण ती भोंदू नव्हती. कोणी दारात आलं की पहिला प्रश्न, "ताप? रक्त? छातीत दुखणं?" यातलं काही असेल तर ती त्याला तसंच डॉक्टरकडे पिटाळायची. "ते माझं खातं नव्हे." देव आणि डॉक्टर दोघांकडे जावं, असं ती म्हणे, फक्त डॉक्टरची वेळ तीन आठवड्यांनी मिळते, देव त्याच दिवशी भेटतो. जर्मनीत राहिलेल्या माणसाला हे पटतंच.

अंगावरून अंडं उतरवायचं, मग ते पाण्याच्या ग्लासात फोडायचं आणि बलकाकडे पाहून दुखणं ओळखायचं, ही तिची खास विद्या. अंड्याच्या बाबतीत ती कमालीची काटेकोर. इथं प्रत्येक अंड्याच्या कवचावर देश आणि फार्म यांचा नंबर छापलेला असतो. दोन्या कुका चष्मा लावून सुपरमार्केटमध्ये एकेक अंडं वाचत उभी राहायची. पिंजऱ्यातल्या कोंबडीचं अंडं चालत नसे. "जी स्वतःच भेदरलेली, ती दुसऱ्याची भीती काय ओढून घेणार?" आणि एकदा माझ्या मुलीसाठी, सईसाठी, मी घाईत आणलेलं अंडं तिनं परत पाठवलं, कारण ते हॉलंडचं होतं. "मूल बव्हेरियात आजारी पडलंय, मीहो."

चर्चच्या फादरनी तिला एकदा समजावलं होतं. प्रार्थना ठीक आहे, पण अंडं कशाला? तिनं शांतपणे विचारलं, "मग ईस्टरला तुम्ही कशाला रंगवता?" फादरनी त्यानंतर तो विषय काढला नाही. उलट पंधरा ऑगस्टला मारियाच्या सणाला बव्हेरियन बायका वनस्पतींच्या जुड्या बांधून चर्चमध्ये पवित्र करून घ्यायला आणतात, तेव्हा दोन्या कुकाची जुडी सगळ्यांत मोठी असायची: रोझमेरी, सताप, तुळशीसारखं एक झुडूप, आणि मधे मेधानं कुंडीत लावलेल्या लाल मिरच्या. पहिल्या वर्षी बायकांनी नाकं मुरडली. दुसऱ्या वर्षी चौघींच्या जुड्यांत मिरच्या होत्या.

तिची आणखी एक खोड म्हणजे लहान मुलांना हात लावणं. दुसऱ्याच्या मुलाचं कौतुक वाटलं आणि आपण त्याला स्पर्श केला नाही, तर त्या मुलाला नजर लागते, अशी तिच्याकडची श्रद्धा. आता जर्मनीत अनोळखी मुलाला हात लावणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. एकदा बसमध्ये तिनं एका गुबगुबीत बाळाच्या गालाला हात लावला आणि त्याच्या आईनं बस डोक्यावर घेतली. दोन्या कुका तिच्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, "बाई, मला तुमचं बाळ फार आवडलं. हात लावला नाही तर रात्री ते रडेल आणि दोष माझा. त्यापेक्षा तुम्ही आत्ता माझ्यावर ओरडा." उतरताना त्या बाईनं बाळाला दोन्या कुकाकडे धरलं आणि म्हणाली, "दुसरा गालही राहिलाय."

तळमजल्यावरच्या फ्राऊ हुबर मात्र तिच्यावर खार खाऊन. इमारतीच्या नियमांची फाइल त्यांना तोंडपाठ. दोन्या कुकानं धूप जाळला की तासाभरात तिच्या दाराला चिठ्ठी चिकटे. चिठ्ठ्या दोन्या कुका जपून ठेवी आणि त्यांच्या मागच्या बाजूला वाणसामानाची यादी करी. एका हिवाळ्यात फ्राऊ हुबर खोकल्यानं आठवडाभर दिसल्या नाहीत, तेव्हा व्हिक्सची बाटली आणि कॅमोमाइलचा चहा घेऊन ही खाली गेली आणि तासभर वर आली नाही. आत काय झालं देव जाणे. चिठ्ठ्या चालूच राहिल्या, पण आता खाली "सस्नेह नमस्कार" असं असायचं.

हे सगळं मी दुरून पाहत होतो. मजा वाटत होती. माझ्यावर वेळ आली ती पहिल्या जानेवारीत.

ऑटोबानवर बर्फाच्या पातळ काचेवरून माझी गाडी घसरली, स्वतःभोवती पूर्ण फिरली आणि कठड्याला टेकता टेकता थांबली. खरचटलंसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो आणि किल्ली फिरवता येईना. तळहातांना घाम. झोप नाही, जेवण जात नाही. जो माणूस आयुष्यभर ब्रेक तपासत आला तो बसने ऑफिसला जायला लागला, आणि सहकाऱ्यांना सांगायला लागला की पर्यावरणासाठी. डॉक्टरनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. त्यांनी चहा लिहून दिला.

दोन्या कुकानं मला जिन्यात गाठलं. माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "सुस्तो."

सुस्तो म्हणजे दचकून माणसाचा जीव अंगातून निसटतो आणि जिथे दचकला तिथेच बसून राहतो. शरीर तेवढं घरी येतं. मग त्या जिवाला हाक मारून परत आणावं लागतं. मी हसलो. पण आपणही म्हणतोच की, जिवात जीव नाही, जिवात जीव आला. मला मराठीत जे पटलं असतं ते स्पॅनिशमध्ये नाकारायला माझ्याकडे कारण नव्हतं. शिवाय मेधा म्हणाली, "जा. नाहीतरी चहाच पितोयस."

तीन दिवस, भर दुपारी, तिच्या स्वयंपाकघरात. मला जमिनीवर चादरीवर निजवलं, डोक्यापासून पायापर्यंत रोझमेरीच्या जुडीनं झाडलं, आणि प्रत्येक वेळी तिच्या धर्माचा विश्वासाचा मंत्र, ज्याला ती क्रेदो म्हणे, तो तीनदा म्हटला. मग विचारलं, "नाव?"

"चंद्रशेखर."

"ते पासपोर्टवरचं. आई जेवायला हाक मारताना काय म्हणायची?"

छत्तीस वर्षांच्या माणसानं चादरीवर पडल्या पडल्या सांगितलं, "चंदू."

"वेंते, चांदू!" ती एकदम मोठ्यांदा ओरडली. ये, चंदू! राहू नकोस तिथे! आणि मी उत्तर द्यायचं होतं, "आइ बेंगो," म्हणजे आलो, आलो. पहिल्या दिवशी मला ते पुटपुटताना लाज वाटली. तिसऱ्या दिवशी तिनं "चांदू" म्हटलं आणि मला रडू फुटलं. आई पुण्यात होती, दर रविवारी फोनकार्डावर बोलत होती, पण या देशात मला त्या नावानं कोणीच हाक मारत नव्हतं. पुढच्या सोमवारी मी गाडी चालवत ऑफिसला गेलो. आता यामागे विज्ञान काय, असं मला विचारू नका. मी ब्रेकचा माणूस आहे. आईला फोनवर सांगितलं तर तिला एकच शंका आली: "मीठ-मोहरी नाही घेतली? मग कसं उतरलं?"

तर अशी ही बाई. साऱ्या इमारतीची भीती झाडून काढणारी. पण तिचं स्वतःचं एक विचित्र होतं. दर ऑक्टोबरच्या शेवटी तिच्या दाराबाहेर एक तपकिरी बॅग भरून उभी राहायची. टॅक्सी यायची. दोन्या कुका काळा कोट घालून खाली यायची, टॅक्सीच्या दाराला हात लावायची, ड्रायव्हरशी काहीतरी बोलायची आणि टॅक्सी रिकामी परत जायची. बॅग पुन्हा वर. आम्ही आलो त्या वर्षी हे पाहिलं, पुढच्या वर्षी पुन्हा. फ्राऊ हुबर म्हणाल्या, लहरी आहे. मलाही तेच वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात ती आमच्याकडे खाली आली. मक्याच्या पानात उकडलेले तामाले डबाभर आणले होते. मेधाला ते पानग्यांसारखे लागत, म्हणून. बसली. बराच वेळ डब्याचं झाकणच पुसत राहिली.

"मला झाडायला कोणीतरी हवंय," ती म्हणाली.

मग सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी दोघं कायमचं लारेडोला परत निघाले होते. घर आवरलं होतं, बॅगा चेक-इनच्या रांगेत होत्या. बेतो म्हणाला, जरा बसतो. एका खांबापाशी बॅगेवर बसला, आणि उठलाच नाही. "मी त्याला म्हणत होते, ऊठ, रांग पुढे सरकलीय. दोनदा म्हटलं मी त्याला." दहा दिवसांनी मुलगा शवपेटी न्यायला आला. ती त्याच्याबरोबर विमानतळाच्या दारापर्यंत गेली आणि पाय आत पडेनात. बेतो एकटा गेला.

"माझ्या नवऱ्याच्या मातीला मी नव्हते, मीहो. त्याची कबरसुद्धा पाहिली नाही. दोन नोव्हेंबरला सगळे आपापल्या माणसांच्या कबरी धुतात, फुलं वाहतात, तिथेच बसून जेवतात. त्याच्याजवळ सून बसते. चांगली आहे. पण तिच्या तामाल्यांत मीठ कमी असतं."

मेधानं तिचा हात हातात घेतला. मी खाली पाहत होतो. अंतोनियोनं विमानतळावर काय हरवलं होतं, ते आता कळलं.

स्वतःचा सुस्तो स्वतःला झाडता येत नाही. मुलाचा यावर विश्वास नाही. आणि तिच्या आजीचा नियम असा, की झाडणाऱ्याला झाडायला तोच लागतो, ज्याला त्यानं कधीतरी बरं केलं आहे. तेही जिथे जीव राहिला तिथेच, त्या खांबापाशी. इमारतीत आणि आसपास अशी माणसं पुष्कळ होती. पण गाडी असलेला आणि नाही म्हणायची हिंमत नसलेला मी एकटाच.

"पण मला स्पॅनिश येत नाही," मी अखेरचा प्रयत्न केला. "हाक कुठल्या भाषेत मारू?"

"तीन वर्षं विमानतळावर बसलीय ती," दोन्या कुका म्हणाली. "आत्तापर्यंत सगळ्या भाषा शिकली असेल. पण नाव बाप्तिस्म्याचं घ्यायचं. कुका हे लाडाचं. खरं नाव रेफूहियो."

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका लख्ख सकाळी, आम्ही तिघं ऑटोबानवरून म्युनिककडे निघालो. डिकीत तपकिरी बॅग, मेधाच्या मांडीवर पंधरा ऑगस्टची वाळलेली जुडी. दोन्या कुका पुढे बसून जपमाळ ओढत होती. ज्या ठिकाणी माझी गाडी घसरली होती तिथे तिनं हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढंच.

दाराशी आल्यावर ती थांबली. काच सरकून उघडली, बंद झाली, पुन्हा उघडली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मेधानं एका बाजूनं दंड धरला, मी दुसऱ्या, आणि ती पावलापावलानं आत आली. खांब तिनं लगेच दाखवला. खांबच होता तो, इतर खांबांसारखा. त्याला टेकून कोणीतरी सामानाची ढकलगाडी सोडून गेलं होतं.

आजूबाजूला सुटीवर निघालेले लोक. मी जुडी काढली आणि झाडू लागलो. झालं काय, की लहानपणापासून हात दृष्ट काढायला शिकलेला. तो गोल गोल फिरायला लागला. दोन्या कुकानं डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "सूप ढवळतोयस?" मग मी वरून खाली झाडायला सुरुवात केली. ती क्रेदो म्हणत होती. तीनदा म्हणून झाला. आता माझी पाळी.

मी घसा साफ केला. "दोन्या रेफूहियो," मी म्हणालो, "प्लीज, या ना."

तिनं एक डोळा उघडला. "लग्नाचं आमंत्रण द्यायला आलायस?"

"रेफूहियो... कम."

"तिला ऐकू गेलं नाही. तीन वर्षं अनाउन्समेंट ऐकतेय ती. मोठ्यानं."

मला जमेना. खरंच जमेना. आईच्या वयाची बाई, तिला नुसत्या नावानं हाक मारायची, तीही चारचौघांत, तीही ओरडून! आमच्या घरात थोरल्या वहिनीलासुद्धा कोणी नावानं हाक मारली नव्हती. मी तोंड उघडायचो आणि नावाआधी आपोआप काहीतरी मानाचं यायचं. आणि ती समोर उभी, डोळे मिटून, वाट बघत. मला स्वतःचाच भयंकर राग आला. इथवर येऊन मी तिला सभ्यपणापायी परत नेणार होतो.

तेवढ्यात मागून आवाज आला, "वास माखेन झी दा?" काय चाललंय इथे? दोन पोलिस. त्यातला एक दरवाज्याएवढा उंच. माझं डॉक्टरेटचं जर्मन जागच्या जागी आटलं. मी म्हणालो, "आम्ही झाडतोय." जमिनीवर पाला पडला होता, हातात वाळकी जुडी आणि समोर डोळे मिटलेली म्हातारी. मेधानं कपाळाला हात लावला.

उंच पोलिसानं वाकून जुडीचा वास घेतला. "ही मारियाच्या सणाची जुडी ना?" तो म्हणाला. "आमच्या ओमाच्या माळ्यावर असते. वीज कडाडली की एक काडी चुलीत टाकते. पण यात मिरच्या कशाला?" ओमा म्हणजे आजी.

"मिरच्या माझ्या," मेधा म्हणाली.

"फादरकडून पवित्र करून घेतलीय?"

"गेनाऊ," दोन्या कुका डोळे न उघडता म्हणाली.

त्यानं घड्याळात पाहिलं. "पाच मिनिटं. नंतर पाला उचलायचा." आणि आमच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, लोकांच्या ढकलगाड्या दुसरीकडून वळवत उभा राहिला.

पाच मिनिटं म्हणजे जर्मन पाच मिनिटं. मी दोन्या कुकाकडे पाहिलं आणि मला आई आठवली. दिवेलागणीला गॅलरीतून हाक मारणारी आई नव्हे. तिला हाक मारणारा मी. आईला मी कधी अहो-जाहो केलं होतं? सगळ्या जगात जिला सगळ्यांत जास्त मान, तिलाच तर आपण ए म्हणतो.

"ए रेफूहियो!" मी ओरडलो. मराठीतच. "ये गं! किती वेळ बसलीस तिथे! चल, ऊठ! राहू नकोस तिथे, ये!"

रांग वळून पाहायला लागली. दोन्या कुकाच्या गळ्यातून बारीक आवाज आला, "आइ बेंगो."

"ये गं, रेफूहियो!"

"आइ बेंगो!"

तिसऱ्यांदा मी ओरडलो तेव्हा माझा आवाज फाटला, आणि तिचा आवाज मात्र असा खणखणीत आला, अंगणातून धावत येणाऱ्या दहा वर्षांच्या पोरीसारखा, की पोलिससुद्धा मागे वळला. तिनं डोळे उघडले. खांबावर हात ठेवला. तिच्या भाषेत त्याच्याशी दोन शब्द बोलली. मग वाकून पाला गोळा करायला लागली, आणि मेधा आणि मी नुसतेच उभे असलेले पाहून म्हणाली, "रडताय काय? चेक-इन वीस मिनिटांत बंद होतंय!"

सुरक्षा तपासणीच्या रांगेत शिरण्याआधी तिनं माझ्या हातात घराची किल्ली दिली. "मी बेतोजवळ पोचले की फोन करीन. तोपर्यंत अंतोनियोला सोडवायचं नाही. काम पूर्ण व्हायचंय. आणि तो सुटला की रोज सकाळी कॉफीच्या वेळी माझ्या बाल्कनीत जायचं, देवाच्या फळीवर मारियाच्या मागे कागद आहे, तो मोठ्यानं वाचायचा. मी जानेवारीत येईन तोवर तुझं काम."

"कसला कागद?"

पण ती निघाली होती. ताठ मानेनं, काळ्या कोटात, हातात तामाल्यांचा डबा घेऊन. पुढच्या माणसाच्या कडेवरच्या मुलाच्या डोक्यावर तिनं जाता जाता हात ठेवलाच.

दोन नोव्हेंबरला संध्याकाळी फोन आला. मागे गिटार, पोरांचा दंगा, आणि दोन्या कुकाचा आवाज. "बसलेय त्याच्याजवळ. कबर धुतली. खूप बोलले त्याला. मग तामाले खाल्ले. मिठाचं बरोबर होतं." मग म्हणाली, "आता सोडव त्या बिचाऱ्याला."

मी वर गेलो. अंतोनियोच्या घोट्यांची सुतळी तीन हिवाळ्यांत इतकी घट्ट झाली होती की कात्री आणावी लागली. त्याला सरळ करून फळीवर बेतोच्या फोटोशेजारी ठेवला. मग मारियाच्या मागचा कागद काढला. फ्राऊ हुबरच्या एका चिठ्ठीच्या मागच्या बाजूला नावं लिहिली होती. चांदू. मेदू. साई. खाली अशीच पंधरा-वीस नावं. सगळी घरात हाक मारायची, ज्यानं त्यानं चहा पिताना तिला कधीतरी सांगितलेली. रोज सकाळी ती संताला झापते असं मला तीन वर्षं वाटत होतं. ती आम्हाला हाका मारत होती. घर सोडून इतक्या लांब आलेल्या सगळ्यांना, एकेकाला, की कोणाचा जीव कुठे मागे राहून गेला असेल तर यावा. जिला स्वतःला हाक मारणारं कोणी नव्हतं, ती. मग खिशातलं पेन काढून यादीच्या शेवटी रेफूहियो लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा कप घेऊन तिच्या बाल्कनीत गेलो. इकडेतिकडे पाहिलं आणि एकेक नाव वाचायला लागलो. स्वतःचं नाव हळू घेतलं. मग धीर चेपला. सातवं नाव होतं रेझी. ही रेझी कोण, मला काही सुचेना, पण नेमून दिलेलं काम आपण अर्धवट करत नाही.

"ये गं, रेझी!" मी मोठ्यानं हाक मारली.

तळमजल्याची खिडकी खाडकन उघडली. मला वाटलं, आता चिठ्ठी. फ्राऊ हुबरनी केसांत रोलर अडकवलेलं डोकं बाहेर काढलं, मान वर केली आणि अस्सल बव्हेरियनमध्ये ओरडल्या, "इ किम शो!"

आले, आले!